आजोबा फुकट, नातवाला तिकीट



२०२२ च्या ऑक्टोबरातली गोष्ट. मी तेव्हा लंडनात होतो. दिवसा कॉलेज, रात्री एका हॉटेलच्या मोरीत भांडी. माझ्या शेजारी घासायला नायजेरियाचा एक गडी होता, बेनिन शहरचा. सुट्टीच्या दिवशी म्हणाला, "चल भाऊ, आमच्या लोकांचा बाजार भरलाय. बघून येऊ."

बाजाराचं नाव 'वन-फिफ्टीफोर'. म्हणजे खंड एक, देश चौपन्न. नाव ऐकूनच छाती फुगावी. आजच्या आफ्रिकी कलेची ही जत्रा तूरिया अल ग्लावी या मोरोक्कोच्या बाईनं २०१३ मध्ये लंडनात सुरू केली. २०१५ ला ती न्यूयॉर्कला गेली, २०१८ ला माराकेशला. तिथं कुठं भरली? मामूनिया नावाच्या राजेशाही हॉटेलात. लंडनात ती सॉमरसेट हाऊसमध्ये भरते. आणि भरते नेमकी त्याच आठवड्यात, जेव्हा 'फ्रीझ'चा मोठा कलाबाजार असतो आणि जगभरचे थैलीवाले गावात उतरलेले असतात.

सॉमरसेट हाऊस ही काय साधी वास्तू नव्हे. अठराव्या शतकाच्या शेवटापासून इथं इंग्रजांच्या नौदलाची कचेरी होती. गुलामांची जहाजं समुद्र कापत होती ते हेच दिवस. आणि त्या वर्षी त्याच कचेरीच्या अंगणात ग्रादा किलोंबा या बाईनं जहाज मांडलं होतं. जळक्या लाकडाचे १४० ठोकळे, लांबी ३२ मीटर. वरून पाहिलं तर जहाजाचा तळ, जिथं माणसं मालासारखी रचून, साखळदंड घालून नेली. माझा सोबती त्या ठोकळ्यांमधून चालत गेला आणि गप्प झाला. मीही गप्प.

अंगण खुलं होतं. आत जायला तिकीट. दर वाचला आणि आम्ही एकमेकांकडं बघितलं. काही तास भांडी घासल्याची मजुरी! तरी त्यानं दोघांची तिकिटं काढली. आत खोल्याखोल्यांत गॅलऱ्या बसलेल्या. भिंतीवर काळी माणसं, काय रंग, काय नजर, काय ताठ माना! डोळे निवले, खोटं कशाला बोलू? मात्र त्या दिवशी मी हेही पाहिलं : भिंतीवर काळा, दारावर झडती घेणारा काळा, झाडणारा काळा. किंमत विचारणाऱ्यांत काळे बोटांवर मोजण्याइतके.

बाहेर आल्यावर सोबती म्हणाला, "इथून पायी पंधरा-वीस मिनिटांवर ब्रिटिश म्युझियम. तिथं माझ्या आजोबांच्या पंज्यांचं चोरून आणलेलं सगळं आहे. ते फुकट बघायला मिळतं. नातवाचं बघायला तिकीट!"

तो हसला. मला हसू आलं नाही.

चोरी म्हणजे चोरीच, शिवी नव्हे. फेब्रुवारी १८९७. याच नौदलाचा रिअर-ॲडमिरल रॉसन फौज घेऊन बेनिनमध्ये घुसला. राजवाडा लुटला, शहर जळालं, राजाला हद्दपार केलं. पितळेचे पत्रे, मुंडकी, हस्तिदंती मुखवटे बोटींत भरून आणले आणि विकले. बेनिनच्या ९०० हून जास्त वस्तू एकट्या ब्रिटिश म्युझियमकडं आहेत. परत मागितल्या की १९६३ चा कायदा दाखवतात. कायदा कुणी केला? तुम्हीच. जर्मनीनं २०२२ मध्ये मालकी सोडली, डिसेंबरात वीस वस्तू नायजेरियाला नेऊन दिल्या. मग तुम्हाला काय धाड भरली?

आता मूळ मुद्द्याला हात घालतो. वर्तमानपत्री पंडित म्हणतात, या जत्रेनं आफ्रिकेच्या कलेला जगात स्थान दिलं, केवढा सांस्कृतिक प्रभाव! बाईचं श्रेय मी नाकारत नाही. जिथं आफ्रिकेचा गॅलरीवाला दिसतच नव्हता तिथं तिनं दार फोडलं. काही जण तिचा आजा काढतात, की तो माराकेशचा पाशा, फ्रेंचांचा हस्तक, १९५३ ला सुलतानाला हाकलण्यात पुढं. असेल. पण जन्मावरून माणूस तोलायचा धंदा आपला नव्हे, तो मनूचा. आपण व्यवहार तपासू.

व्यवहार असा. २०१७ ला सदबीजनं लंडनात आजच्या आफ्रिकी कलेचा स्वतंत्र लिलाव सुरू केला. बाजार तापला. घानाचा अमोआको बोआफो बोटांनी रंग लावून काळी माणसं रंगवतो. फेब्रुवारी २०२० मध्ये लंडनच्या लिलावात त्याच्या एका चित्राचा अंदाज होता ३० ते ५० हजार पौंड. हातोडा पडून हिशोब झाला ६ लाख ७५ हजारांवर. अशा फेरविक्रीत मलिदा कुणाला? विकणाऱ्याला आणि लिलाववाल्याला. रंगवणाऱ्याची बोटं रंगानं भरलेली, खिसा मात्र दुसऱ्याचा. वर चित्राला विमानाचं तिकीट, मऊ गादीची पेटी, विमा. आणि चितारणाऱ्यानं व्हिसासाठी बँकेचं पुस्तक घेऊन रांगेत उभं राहायचं. याला तुम्ही प्रभाव म्हणता? अरे लेको, हा तर जुनाच व्यापार. माल येऊ दे, माणूस नको!

आणि 'स्थान दिलं' म्हणजे काय? आफ्रिका काय २०१३ पर्यंत झोपली होती? १९६६ ला डाकारला सेंघोरनं जगभरच्या काळ्या कलावंतांचा महोत्सव भरवला. १९७७ ला लागोसला फेस्टॅक भरला. त्याचं चिन्ह होतं राणी इदियाचा हस्तिदंती मुखवटा. नायजेरियानं म्युझियमकडं तो उसना मागितला. दिला नाही! आपल्याच आईचा चेहरा उसना मागायचा आणि चोरानं नाही म्हणायचं. हे सरकारी महोत्सव तरी धुतल्या तांदळाचे होते का? नव्हते. फेला कुटीनं फेस्टॅकला लाथ मारली आणि त्याच फेब्रुवारीत लष्करी शिपायांनी त्याचं घर जाळलं, म्हाताऱ्या आईला खिडकीतून फेकलं. पुढच्या वर्षी ती गेली. तेव्हा गोरा दलाल वाईट आणि काळा वर्दीवाला चांगला, असलं भाबडं गणित माझं नाही.

पण १९६९ आठवा. जुलैमध्ये अल्जियर्सला पॅन-आफ्रिकन महोत्सव भरला. रस्त्यारस्त्यांवर गाणी, ढोल, मुक्तिलढ्यांचे लोक, आणि त्यांच्यात अमेरिकेतले ब्लॅक पँथर. परागंदा एल्ड्रिज क्लीव्हर तिथं उघड उघड लोकांसमोर आला. आणि १९७२ ला मुंबईच्या वस्त्यांतल्या पोरांनी त्याच पँथरचं नाव उचललं. कुणाला विचारलं नाही, कुणाला पैसे मोजले नाहीत. याला म्हणतात सांस्कृतिक प्रभाव! ज्याला जखम आहे त्यानं दुसऱ्या जखमवाल्याकडून हत्यार उचलायचं. भिंतीवर टांगलेलं चित्र साहेबाचं घर शोभिवंत करील, पण मोरीतल्या माणसापर्यंत पोचलं नाही तर त्याचा प्रभाव कसला?

माझा एक शिकलेला मित्र म्हणतो, "निदान आत तरी शिरले ना? उपाशी राहून क्रांती करायची का?" नाही. बाजारातून पैसा जरूर आणा. तो कुठं नेता, ते सांगा. घानाचा इब्राहिम महामा कोकोची जुनी, फाटकी पोती शिवून इमारतींच्या इमारती झाकतो. त्या तागावर आपल्या आशियाच्या मजुराचा घाम, आत आफ्रिकेच्या मजुराचा कोको. बाजारातला पैसा त्यानं तामालेला नेला. २०१९ ला तिथं कलाकेंद्र उभं केलं, २०२० ला रेड क्ले. जुनी विमानं आणून ठेवली आणि त्यांत पोरांचे वर्ग भरवले. बोआफोनंही २०२२ ला अक्रात कलावंतांसाठी जागा उभी केली. दोघंही याच बाजारातून गेले, पण बाजारात मुक्काम केला नाही.

म्हणून जत्रावाल्यांना, गॅलरीवाल्यांना, थैलीवाल्यांना माझा रोकडा सवाल आहे. चित्र दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा विकाल तेव्हा रंगवणाऱ्याचा वाटा देणार का? ज्यांची तोंडं भिंतीवर टांगता त्यांना, झाडणाऱ्याला, भांडी घासणाऱ्याला, एक दिवस तरी विनातिकीट आत घेणार का? आणि अंगणात गुलामांच्या जहाजापुढं माना खाली घालणाऱ्यांनो, पंधरा-वीस मिनिटं चालून म्युझियमच्या दारात उभे राहून 'परत द्या' म्हणणार का?

आम्ही दोघं त्या दिवशी तिथपर्यंत चालत गेलो होतो. फुकट आत शिरलो. सोबत्यानं पितळेच्या पत्र्यांवरच्या पाट्या वाचल्या, एकेक करून, सगळ्या. मग घड्याळ बघितलं. सहाला पाळी होती.