फिट थांबली, श्वासाचे काय?

‘फिटने कोणी मरत नाही,’ असे नातेवाईक सांगतात, शेजारी सांगतात आणि गर्दीच्या ओपीडीत कधीकधी डॉक्टरही सांगतात. धीर देण्यासाठी म्हटलेले हे वाक्य खोटे आहे. अपस्मार असलेल्या दर १,००० प्रौढांमागे वर्षाला साधारण एक जण अचानक दगावतो आणि शवविच्छेदनातही दुसरे कारण सापडत नाही. वैद्यकात याला ‘सुडेप’ म्हणतात. धोका थोडा आहे, पण सगळ्यांना सारखा नाही. सर्वांगाला झटके देणारी मोठी फिट वर्षात तीन किंवा अधिक वेळा येत असेल, तर अशी फिट न येणाऱ्यांच्या तुलनेत तो सुमारे १५ पट होतो.

मग कोणी म्हणते, जीभ गिळली असेल. जीभ गिळली जात नाही. कोणी म्हणते, हृदय बंद पडले असेल. रुग्णालयात यंत्रे जोडलेली असताना झालेल्या अशा मृत्यूंचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या रुग्णांच्या पुरेशा नोंदी मिळाल्या, त्यांच्यात मोठी फिट संपल्यावर श्वास कायमचा थांबला आणि हृदय त्यानंतर. बहुतेक घटना रात्रीच्या होत्या.

यामागे मेंदूतली रसायने असावीत, असे मानायला सबळ आधार आहे. मेंदूच्या देठातील सेरोटोनिनच्या पेशी रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढलेला ओळखतात, श्वासाला वेग देतात, झोपलेल्याला जागे करतात. प्राण्यांवरील प्रयोगांत मोठ्या फिटीनंतर याच पेशी मंदावलेल्या दिसल्या. फिटीनंतर पालथा पडलेला माणूस मान का वळवत नाही, याचे उत्तर बहुधा इथे आहे. त्यात ॲडेनोसिनची भर. फिट आवरायला मेंदू ते सोडतो, पण ते श्वासही मंद करते. ‘गुदमरला असता तर हातपाय झाडले असते,’ हा युक्तिवादही टिकत नाही. शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासणीत मेंदूतला अमिग्डाला हा भाग विजेने उत्तेजित केल्यावर काही रुग्णांचा श्वास थांबला आणि त्यांना ते कळलेही नाही.

इथे दुसऱ्या टोकाला जाणाऱ्यांनाही अडवले पाहिजे. सेरोटोनिन वाढवणाऱ्या फ्लुओक्सेटीनने काही जातींच्या उंदरांचे प्राण वाचले, हे खरे. पण माणसांत सुडेप टळतो, हे सिद्ध झालेले नाही. नैराश्याची ही गोळी स्वतःच्या मनाने कुणी सुरू करू नये.

‘रुग्ण घाबरेल, म्हणून सांगू नये,’ हा आक्षेप सर्वांत प्रतिष्ठित आणि माझ्या मते सर्वांत घातक. आपल्याकडे मुलीचा आजार लपवून लग्न लावतात. १९९९ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यातून अपस्माराची अट गेली, घरांतली भीती गेली नाही. सासरी गोळीची पट्टी कपड्यांच्या घडीखाली जाते, पाहुणे आले की डोस चुकतो. चुकलेला डोस म्हणजे कदाचित मोठी फिट, आणि धोका वाढतो तो तिथेच. हे जिला कुणी सांगितलेच नाही, तिने कशाच्या बळावर सासूसमोर गोळी घ्यावी? अमेरिकेतील मेंदूविकारतज्ज्ञांच्या संघटनांनी २०१७ मध्येच रुग्णांना हा धोका सांगण्याची शिफारस केली. आपल्या ओपीडीतही तो सांगितला गेलाच पाहिजे. गोळी चुकवू नका. मोठ्या फिटी रात्री येत असतील, तर खोलीत कुणीतरी झोपा. कांदा, चप्पल, चमचा काही नको; झटके ओसरताच कुशीवर वळवा आणि श्वास चालू आहे ना ते पाहत राहा. पाच मिनिटांत फिट थांबली नाही किंवा श्वास नीट येत नसेल, तर १०८ ला फोन करा. श्वास बंदच असेल, तर रुग्णवाहिकेची वाट न पाहता छाती दाबायला लागा.