घर घेतले म्हणजे रोजगार दिला का?

परदेशी श्रीमंताने गुंतवणूक करायची आणि देशाने त्याला निवासाचा परवाना द्यायचा, याला 'गोल्डन व्हिसा' म्हणतात. त्याचे समर्थन करताना स्थानिकांना रोजगार मिळतो, असे हमखास सांगितले जाते. हा दावा तपासायला हवा.

स्पेनने २०१३ मध्ये ही योजना आणली. पाच लाख युरोंचे घर घेतले की परवाना. २०२४ मध्ये पंतप्रधान पेद्रो सांचेझ यांनीच सांगितले, की असे शंभरातले ९४ परवाने घरखरेदीशी जोडलेले आहेत. तयार घर विकले गेले तर पैसा घेणाऱ्याकडून विकणाऱ्याकडे जातो; त्यात नवा रोजगार कुठला? उलट मागणी वाढली की घर महागते. किंमतवाढीला इतर कारणेही असतात, पण हॉटेलातल्या वाढप्याला कामाच्या शहरात भाडे परवडत नसेल, तर ती नोकरी टिकवायची कशी? पोर्तुगालने २०२३ मध्ये घरखरेदीचा मार्ग बंद केला, स्पेनने एप्रिल २०२५ मध्ये योजनाच गुंडाळली.

अमेरिकेची 'ईबी-५' योजना १९९० ची. आता तिथे किमान आठ लाख डॉलर लागतात आणि किमान दहा पूर्णवेळ नोकऱ्या निर्माण कराव्या लागतात. आधी दोन वर्षांचा सशर्त निवास, मग हिशेब. तिथेही पळवाट आहे : अनेक प्रकल्पांत अप्रत्यक्ष नोकऱ्या कागदावरच्या गणिताने मोजतात. तरी किती हातांना काम मिळाले, हा प्रश्न तिथे कायद्यानेच विचारला आहे.

आपल्याला जवळची दुबई. तिथे वीस लाख दिरहमची मालमत्ता घेणाऱ्याला दहा वर्षांचा निवास मिळतो. त्याच इमारतींवर राबलेल्या कामगाराचा व्हिसा मात्र नोकरीला बांधलेला. नोकरी गेली आणि मुदतीत दुसरी मिळाली नाही, की बॅग भरायची. मी उर्दू-मराठी शिकवतो. वडील आखातात आहेत अशी मुले माझ्या वर्गात असतात. एका पगारावर इथली चूल, शाळेची फी आणि आजीचे औषध चालते.

गुंतवणूकदाराला दार बंद करा, असे माझे म्हणणे नाही. निवास द्या, पण हजेरीपटावरची खरी माणसे आणि त्यांना वेळेवर मिळालेला पगार पाहून द्या, आणि दरवर्षी पाहा. ज्याच्या घामावर शहर उभे राहते, त्यालाही काही वर्षांनी तिथे थोडी स्थिरता मिळावी. पैसेवाल्याला दहा वर्षे आणि कष्टकऱ्याला नोकरी असेपर्यंतच, याला इन्साफ कसे म्हणायचे?