‘केमिकल नसलेली’ टूथपेस्ट?

“डॉक्टर, आम्ही त्याला केमिकलवाली पेस्ट देतच नाही,” असं आई-बाबा कौतुकाने सांगतात आणि तोंड उघडून बघावं तर दुधाचे चार दात किडलेले!

केमिकल नसलेली पेस्ट नसतेच. दात घासणारं कॅल्शियम कार्बोनेट किंवा सिलिका, पेस्ट सुकू न देणारं ग्लिसरीन, फेस आणणारं सोडियम लॉरिल सल्फेट ही सगळी रसायनंच आहेत. लवंग-पुदिन्याने चव येते. कीड रोखण्याचा भक्कम पुरावा मात्र फ्लोराइडचा आहे.

तुमची भीती अगदीच खोटी नाही. लहान मुलं पेस्ट गिळतात. पोटात फ्लोराइड जास्त गेलं तर पुढे येणाऱ्या कायमच्या दातांवर पांढरे डाग पडू शकतात. पण म्हणून फ्लोराइड बंद करू नका, पेस्ट कमी घ्या. ३ वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, ३ ते ६ वर्षांत वाटाण्याएवढी. जाहिरातीतली ब्रशभर पेस्ट विसरा.

चंद्रपूर, यवतमाळसारख्या जिल्ह्यांत काही गावांच्या विहिरी-बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे. तिथे आधी दंतवैद्यांना विचारा. बाकीच्यांनी ट्यूबवरची पानं-फुलं बघण्यापेक्षा मागे छापलेलं फ्लोराइडचं प्रमाण वाचावं.