आजीला डाकीण ठरवू नका, दवाखान्यात न्या

नंदुरबार जिल्ह्यात धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर घरे टेकड्याटेकड्यांवर विखुरलेली. ऊसतोडीच्या हंगामात धडधाकट माणसे गुजरातकडे निघून जातात आणि घर राखायला म्हातारी माणसे मागे उरतात. त्यातल्या एखाद्या आजीला स्मृतिभ्रंश झाला, तर आधी कुणाच्या लक्षातही येत नाही. मग ती रात्री उठून रानाची वाट धरते, एकटीच पुटपुटते, पोटच्या मुलाला ओळखत नाही, ‘माझे पैसे चोरले’ म्हणून सुनेवर ओरडते. शहरात अशा वागण्याला म्हातारचळ म्हणतात आणि पाहुणे आले की आजोबांना आतल्या खोलीत बसवतात. सातपुड्यात मात्र धोका जिवाचा आहे. त्याच सुमारास गावात मूल दगावले, गुरे मेली, तर भगताचे बोट त्या आजीकडे वळू शकते. डाकीण ठरवून बायकांना मारहाण झाल्याच्या, गावाबाहेर काढल्याच्या घटना या जिल्ह्याने पाहिल्या आहेत. हे इथेच घडते असे नाही. आफ्रिकेत नामिबियामध्ये चेटकीण समजून एका वृद्धेला अनेक वर्षे साखळीने बांधून ठेवले होते. तिला स्मृतिभ्रंश होता.

हा मेंदूचा आजार आहे. करणी नव्हे, पूर्वजन्मीचे पाप नव्हे, घराण्याला लागलेला डागही नव्हे. त्याचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार, म्हणजे अल्झायमरचा आजार, जर्मन डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये जगापुढे मांडला. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात साठी ओलांडलेल्या शंभर जणांपैकी सुमारे सात जणांना, म्हणजे जवळपास ८८ लाख लोकांना, स्मृतिभ्रंश आहे. पुरुषांपेक्षा बायकांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत त्याचे प्रमाण अधिक आढळले. नंदुरबारसारख्या खेड्यापाड्यांच्या जिल्ह्याने हे मनावर घ्यायलाच हवे.

लपवल्याने नुकसान आपलेच होते. थायरॉइडचा विकार, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, नैराश्य यांमुळेही विसराळूपणा येतो आणि तो उपचारांनी सुधारू शकतो. खरा स्मृतिभ्रंश पूर्ण बरा होत नाही. पण रक्तदाब व मधुमेह आटोक्यात ठेवला, ऐकू येण्याचे यंत्र दिले, घरच्यांनी समजून घेतले, तर माणूस पुष्कळ काळ मानाने जगतो. नावे विसरलेली आजी होळीचे गाणे सुरू झाले की सोबत गाऊ लागते. तिला गाऊ द्या.

म्हणून माझे मागणे आहे. घरच्यांनो, आजारी माणसाला चारचौघांत आणा, त्याची चेष्टा थांबवा, नंदुरबारच्या जिल्हा रुग्णालयात दाखवा. सल्ल्यासाठी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र मोफत आहे. आशाताईंनो, बाळंतिणीची चौकशी करता तशी घरातल्या म्हातारीचीही करा. भिलीत, पावरीत, मावचीत, अहिराणीत बोला. भगतबाबांनो, लोकांचा तुमच्यावर विश्वास आहे. ‘हिला दवाखान्यात न्या’ एवढे तुम्ही म्हणालात तरी एक जीव वाचेल. सरपंच आणि पोलीस पाटलांनो, जादूटोणाविरोधी कायदा २०१३ पासून लागू आहे. त्याखालील गुन्ह्याला सहा महिने ते सात वर्षे कैद आहे, हे ग्रामसभेत वाचून दाखवा. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते अनेक वर्षे डाकीण प्रथेविरुद्ध सातपुडा पिंजून काढत आहेत. त्यांना गावात बोलवा.

याहामोगी मातेला पुजणारा हा मुलूख आहे. रानातली औषधे, बियाण्यांची पारख, देवांच्या कथा आपल्याला याच म्हाताऱ्यांनी दिल्या. आज त्यांना आठवत नसेल, तर त्यांची आठवण ठेवण्याची पाळी आपली आहे. २१ सप्टेंबर हा जागतिक अल्झायमर दिन. त्याआधी प्रत्येक ग्रामसभेने एक ठराव करावा: आमच्या गावात कुणालाही डाकीण म्हटले जाणार नाही आणि विसर पडलेल्या प्रत्येक माणसाला गाव सांभाळील. ठराव करा आणि पाळा.