वहीत काही नाही, म्हणून काय झालं?

घरी आल्याबरोबर दप्तर टाकून 'आई, आज ना आमच्या वर्गात...' अशी टकळी सुरू करणारी तिसरीतली मुलगी, बाईंनी उभं केलं की मात्र अंगठ्याने जमीन उकरते. आपण म्हणतो, लाजाळू आहे. मला तसं वाटत नाही. तीस-चाळीस जणांसमोर एकटीनं उभं राहून चुकायचं, हे मोठ्यांनाही जड जातं. तिला चौघींत बसवा, मग बघा!

पण मैत्रिणींनो, नुसती सतरंजीवर गोल बसवली म्हणजे गटचर्चा होत नाही. प्रत्येक गटात एखादा बोलका बंड्या असतोच. तोच सगळं बोलतो, बाकीचे माना डोलावतात. त्यावर साधी युक्ती आहे. प्रत्येकाला तीन चिंचोके द्यायचे. एकदा बोललं की एक मध्ये ठेवायचा. आपले संपले की दुसऱ्याचं ऐकायचं. शेवटी वर्गाला सांगताना स्वतःचं नाही, शेजारणीचं म्हणणं सांगायचं. म्हणजे ऐकणंही आलंच.

विषयही त्यांचा हवा. 'पाण्याचे महत्त्व' म्हटलं की पाठ केलेला निबंध बाहेर पडतो. 'टाकीतलं पाणी मधल्या सुट्टीतच संपतं, काय करायचं?' असं विचारा, भांडणंच लागतील! तेव्हा 'आमी', 'व्हतं' असं घरचं बोलणं निघेल. ते लगेच दुरुस्त करू नये. मूल एकदा गप्प झालं की पुन्हा बोलतं करणं कठीण. प्रमाणभाषा वाचता-ऐकता येतेच. शक्य तिथे पाचवीपर्यंत तरी घरच्या भाषेतून शिकवावं, असं २०२० चं राष्ट्रीय शिक्षण धोरणही सांगतं.

यात वर्गात गलका होतो, हे खरं. आणि वही कोरी राहते. मग आपणच विचारतो, 'आज काही शिकवलंच नाही का?' अशा चार तक्रारी गेल्या की बाई बिचाऱ्या पुन्हा फळ्यावरची उत्तरं उतरवून द्यायला लागतात.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला ठेवल्या आहेत. जिल्हा परिषदेच्या, नगरपालिकेच्या शाळेत ती समिती असतेच. पुष्कळ जणी तिथे सही करतात, चहा घेतात आणि उठतात. पुढच्या बैठकीत पोषण आहाराचा विषय झाला की एवढं विचारा : आठवड्यातून किती वेळ मुलं वर्गात एकमेकांशी बोलतात? उत्तर ऐकून मगच सही करा.