हॅश व्हॅल्यू म्हणजे काय, हे कार्यकर्त्याला कळलेच पाहिजे

माहिती सुरक्षा, क्रिप्टोग्राफी हे शब्द काढले की आपले बरेच कार्यकर्ते म्हणतात, "ते इंजिनिअर लोकांचं काम. आपलं काम मोर्चा आणि निवेदन." आम्हाला हे अजिबात मान्य नाही.

गावात मारहाण होते. कुणीतरी मोबाईलवर व्हिडिओ काढतो आणि पाच मिनिटांत तो दहा ग्रुपवर फिरतो. ॲट्रॉसिटीचा गुन्हा नोंदवायला जाताना आपल्या हातात काय असते? व्हॉट्सॲपने दाबून लहान केलेली प्रत. ज्याने व्हिडिओ काढला त्याने मोबाईल भरला म्हणून मूळ फाईल डिलीट केलेली. मग आरोपीचा वकील विचारतो, यात काटछाट झाली नाही कशावरून?

इथे हॅश लागतो. फाईलवर एसएचए-२५६ ही गणिती प्रक्रिया चालवली की अंक आणि अक्षरे मिळून ६४ चिन्हांची एक ओळ मिळते. फाईल केवढीही असो, ओळ तेवढीच. फाईलमध्ये कणभर बदल झाला तरी ओळ पार बदलते. पंचनाम्यात मुद्देमालाला लाखेचे सील लावतात, तसेच हे समजा. पण लाखेचे सील तोडून पुन्हा लावता येते, ते कोण लावते हेही आपल्याला माहीत आहे. हॅश मात्र फिर्यादी, आरोपी, न्यायालय कुणीही स्वतः काढून ताडून पाहू शकतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रात तर हॅश व्हॅल्यूसाठी जागाच ठेवली आहे. म्हणून मूळ फाईल जपा, त्याच दिवशी हॅश काढा, तक्रार अर्जात लिहा आणि अर्जाची पोच घ्या.

हॅशची मर्यादाही ओळखा. हॅश काढण्याआधी फाईलमध्ये कुणी काय घुसवले, ते तो सांगत नाही. भीमा कोरेगाव प्रकरणात रोना विल्सन यांच्या लॅपटॉपमध्ये नेटवायर मालवेअर वापरून बाहेरून पत्रे टाकली गेली, असा निष्कर्ष अमेरिकेच्या आर्सेनल कन्सल्टिंगने २०२१ मध्ये मांडला. तपास यंत्रणेला तो मान्य नाही. २०१९ मध्ये पेगाससबद्दल सावध केले गेलेल्यांत आनंद तेलतुंबडे होते. पेगासस थेट फोनमध्ये शिरतो, त्यामुळे मेसेज वाटेत कितीही कुलूपबंद असला तरी उपयोग होत नाही.

ही विद्या आपल्यापासून कुणी लपवलेली नाही. पद्धत शत्रूला कळली तरी चालेल, फक्त किल्ली गुप्त राहिली पाहिजे, हा नियम केरकहॉफ्स यांनी १८८३ मध्येच मांडला. (जोतीरावांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला तेच हे वर्ष.) एसएचए-२५६ ची संपूर्ण रीत आज जगजाहीर आहे. ज्यांच्या पूर्वजांना अक्षरसुद्धा ऐकू दिले नाही, त्यांनी ही उघडी विद्या इंजिनिअरची म्हणून सोडून द्यावी, हे आम्हाला पटत नाही.

विहारात रविवारच्या दोन तासांत हॅश काढणे सहज शिकवून होते. लॅपटॉप नसेल तर यंदाच्या जयंतीत डीजेचा एक बेस कमी करा, जुना लॅपटॉप त्यात येतो.