आईना महाल आणि पाबळची समाधी

‘बाजीराव मस्तानी’ हा चित्रपट १८ डिसेंबर २०१५ रोजी प्रदर्शित झाला, तेव्हा ‘पिंगा’ या गीतावरून महाराष्ट्रात मोठे वादळ उठले. पायाच्या दुखण्याने त्रस्त असलेल्या काशीबाई, पेशव्यांच्या पत्नी, सवतीसोबत नृत्य करतील काय, हा सवाल रास्तच होता. परंतु त्या गदारोळात नृत्याहून मोठा विपर्यास सहीसलामत सुटला. तो नेपथ्याचा!

सहस्रावधी आरशांनी लखलखणारा तो आईना महाल आठवावा. कलादिग्दर्शकांचे कौशल्य वादातीत आहे. त्याला राष्ट्रीय पुरस्कारही लाभला. प्रश्न एवढाच, की हे वैभव कोणाचे? त्याचे कूळ पुण्यात सापडत नाही. ते सापडते १९६० च्या ‘मुघल-ए-आझम’मधील शीशमहालात, आणि त्याचे मूळ लाहोरच्या किल्ल्यात. ज्या वीराने १७३७ मध्ये दिल्लीच्या वेशीवर धडक मारून मोगली तख्त हादरविले, त्याला आमच्या चित्रसृष्टीने मोगली दिवाणखान्यातच नेऊन बसविले!

खरा शनिवारवाडा कसा होता? १० जानेवारी १७३० रोजी त्याचा पाया घातला गेला, १७३२ मध्ये वास्तुशांत झाली; खर्च आला १६,११० रुपये. दगडी जोते, विटांचे बांधकाम, सागवानी खांब आणि उत्तरेकडे तोंड करून उभा असलेला महाद्वार. त्याचे नाव दिल्ली दरवाजा! बाजीरावांचे अवघे चरित्र सांगायला एवढे एक नेपथ्य पुरेसे होते.

‘हे तर मनोरंजन’, असे समर्थन केले जाते. पण संवाद विसरतात, दृश्य मनात ठसते. पडद्यावरचा महाल पाहून आलेले मूल १८२८ च्या आगीतून उरलेल्या वाड्यासमोर उभे राहून विचारते, “एवढाच?” पराक्रमाचे माप झुंबरांनी घेण्याची ही सवय घातक आहे.

मात्र सारा दोष मुंबईच्या माथी मारून आपली सुटका नाही. छत्रसालांची कन्या आणि १७६१ च्या पानिपत मोहिमेत प्राण वेचणाऱ्या समशेरबहाद्दराची माता मस्तानी शिरूर तालुक्यातील पाबळ येथे साध्या दगडी समाधीत चिरविश्रांती घेत आहे. तिथे एकही आरसा नाही. चित्रपटगृहासमोर घोषणा देणाऱ्यांपैकी किती जण पाबळला गेले? याच तालुक्यात वढू बुद्रुक येथे धर्मवीर संभाजी महाराजांची समाधी आहे. दौंडजवळ, भीमेच्या पैलतीरी, पेडगावचा बहादूरगड आहे. १६८९ मध्ये शृंखलाबद्ध छत्रपतींची विटंबना झाली ती तिथे. २०२५ मध्ये ‘छावा’ पाहून डोळे पुसणाऱ्या आपल्यापैकी कितींची पावले त्या तटबंदीकडे वळली?

आपण मुलांना खरी वास्तू दाखविणार नसू, तर कोणीतरी खोटी उभारून दाखविणारच. येत्या सुट्टीत कुटुंबासह पाबळ, वढू आणि पेडगावची वाट धरावी. ज्याने मूळ पाहिले आहे, त्याला नकलेची भुरळ पडत नाही.